माया

आईच्या कपाटात एक बदामी रंगाचा ब्लाऊज कायम वेगळा ठेवलेला असायचा. तो अंगात घातलेला मी कधी पाहिला नाही. नवी महेश्वरी घरात आली की तिच्याबरोबर तो पिशवीत पडायचा आणि आम्ही दोघी राजवाड्यामागच्या गल्लीत मास्टरजींच्या दुकानाची पायरी चढायचो. तो मापाचा ब्लाऊज. त्याच्यावरून बाकीचे सगळे बेतायचे. मास्टरजी तो पाटावर पसरत, तळहाताने सुरकुत्या काढत, गळ्यातली टेप लावून आकडे वहीत उतरवत. निघताना आईचं ठरलेलं वाक्य असे, "मास्टरजी, अंदर माया रखना हां."

आई इंदुरातच जन्मली आणि वाढली. भाजीवाल्याशी, रिक्षावाल्याशी, शेजारणीशी ती फर्डं हिंदी बोलायची. पण शिवणीच्या आत सोडतात त्या बोटभर जादा कापडाला तिला हिंदी शब्द कधी सापडला नाही, आणि तिने तो शोधलाही नाही. मास्टरजींनाही तिचं म्हणणं अचूक कळायचं. तरी ते दर खेपेला म्हणत, "माया तो बहनजी, सराफे में मिलेगी. हमारे यहाँ तो कपड़ा है." दोघंही हसत. माया मात्र ठेवलेली असे.

पुढे मी प्राणिशास्त्र शिकले, मग जन्मभर तेच शिकवलं. पहिल्या तासाला 'टाइप स्पेसिमेन' समजावून सांगायची वेळ आली की मला हा ब्लाऊज आठवे. प्राणिशास्त्रातल्या नावांची मोजदाद लिनियसच्या 1758 च्या ग्रंथापासून होते. आज एखाद्या नव्या पालीला किंवा बेडकाला नाव द्यायचं तर एक नमुना निवडून संग्रहालयात ठेवावा लागतो. ते नाव त्या एका देहाला चिकटलेलं असतं. शंभर वर्षांनी कुणाला शंका आली तर तो बरणी उघडून त्या देहाशी ताडून पाहतो. गंमत म्हणजे खुद्द माणसाच्या जातीसाठी असा नमुना कुणी ठेवलाच नव्हता. 1959 साली विल्यम स्टर्न यांनी सुचवलं की तो मान लिनियसलाच द्यावा. उप्साला इथल्या कॅथीड्रलमध्ये पुरलेला तो गृहस्थ म्हणजे तुमच्या-आमच्या जातीचा मापाचा ब्लाऊज.

मुलं हसायची, आणि मग हमखास एक जण विचारायचा, "मॅडम, पण मग आपण सगळे लिनियससारखे दिसायला हवेत ना?" ज्या वर्षी हा प्रश्न आला नाही, त्या वर्षीचा वर्ग मला जरा मंद वाटे.

तो प्रश्न मला स्वतःला पडला होता तो एमएस्सीला असताना. आम्हाला प्रॅक्टिकलला लॅमेलिडेन्स असे. हा गोड्या पाण्यातला शिंपला, आपल्याकडच्या तळ्यांत सर्रास सापडणारा. माझ्या सरांनी मला छोटासा प्रकल्प दिला होता, शिंपले मोजायचे. धार रोडवरच्या सिरपूर तलावाच्या काठावरून मी रिकामे शिंपले वेचून आणले. तेव्हा तिथे आजच्यासारखी पाटी नव्हती. आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत हा तलाव 2022 साली गेला. दुसरी पिशवी भरली चोरल नदीच्या पात्रातून. रात्री जेवणं झाल्यावर ओट्यावर वर्तमानपत्र अंथरून मी दोन ढीग मांडले. हातात व्हर्नियर कॅलिपर, शेजारी वही.

शिंपला हातात धरला की आधी त्याची बिजागरी शोधायची. दोन्ही झडपा जिथे जुळतात ती पाठीची बाजू. तिथे एक उंचवटा असतो, शिंपल्याचा सगळ्यात जुना भाग, लहानपणीचं टोक. त्याच्याभोवती वाढीच्या रेषा वर्तुळाकार पसरत गेलेल्या असतात. पुढच्या टोकापासून मागच्या टोकापर्यंत लांबी, उंचवट्यापासून खालच्या कडेपर्यंत उंची, दोन्ही झडपा मिटवून जाडी. प्रत्येक शिंपल्याची तीन मापं, मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्यापर्यंत. पहिल्या दहांना गंमत वाटते. तिसाव्याला मान अवघडते. पन्नासाव्याला लक्षात येतं की कॅलिपर जरा तिरपा धरला तर आपणच शिंपला वाढवतो किंवा घटवतो. मी एकच शिंपला पाच वेळा मोजला, तर पाचही वेळा शेवटचा आकडा सारखा येईना.

नुसत्या डोळ्यांना चोरलचे शिंपले लांबोळके वाटत होते, सिरपूरचे गोलसर. मनातल्या मनात मी दोन जाती ठरवूनही टाकल्या होत्या. सरासऱ्या काढल्या, त्याही वेगळ्या आल्या. वही घेऊन सरांकडे गेले. त्यांनी पान पाहिलं आणि म्हणाले, "छान. आता ही सरासरीची शिंपली कोणती ते दाखव." मी ढिगात शोधलं. तिन्ही मापं सरासरीची असलेला एकही शिंपला त्यात नव्हता. मी वहीत ज्याचं वर्णन केलं होतं तो प्राणी ना सिरपूरच्या गाळात जगला होता, ना चोरलच्या वाळूत.

मग त्यांनी मला आलेख काढायला लावला. सिरपूरचे ठिपके निळ्या शाईने, चोरलचे लाल. कागदावर दोन वेगळी बेटं दिसायला हवी होती. दिसला तो एकच मोठा ढग, एका बाजूला निळसर, दुसऱ्या बाजूला लालसर, मधे दोन्ही रंगांची भेळ. "आधी घरातलं भांडण मोजावं," सर म्हणाले, "मग शेजाऱ्याशी किती पटत नाही ते ठरवावं." माझ्या दोन जाती त्या संध्याकाळी कागदावर विरून गेल्या. गोड्या पाण्यातले शिंपले वाहत्या पाण्यात एका आकाराचे वाढतात, साचलेल्या पाण्यात दुसऱ्या, हे मी नंतर वाचलं. या एका सवयीने त्यांनी जुन्या शास्त्रज्ञांकडून एकाच जातीला कितीतरी नावं ठेवून घेतली आहेत.

सरांच्या त्या वाक्यामागचं गणित आपल्याकडचंच आहे, आणि त्याचं एक मूळ मराठी मुलखात रुजलं, हे कळलं तेव्हा मला उगाच अभिमान वाटला होता. 1920 साली नागपूरला इंडियन सायन्स काँग्रेस भरली होती. तिथे कलकत्त्याचे भौतिकशास्त्राचे तरुण प्राध्यापक प्रशांतचंद्र महालनोबिस यांची गाठ नेल्सन अ‍ॅनन्डेल यांच्याशी पडली. अ‍ॅनन्डेल हे झूऑलॉजिकल सर्व्हेचे पहिले संचालक. त्यांच्याकडे कलकत्त्यातल्या अँग्लो-इंडियन लोकांच्या शरीराची मापं पडून होती. याचं काही करता येईल का, असं त्यांनी विचारलं. त्या प्रश्नात महालनोबिस असे अडकले की 1936 पर्यंत त्यातून एक नवी पट्टीच तयार झाली. आज ती जगभर महालनोबिस अंतर या नावाने ओळखली जाते.

या पट्टीचं मर्म माझ्या शिंपल्यांत सापडतं. लांब शिंपला बहुधा उंचही असतो. म्हणजे तो लांबही आहे आणि उंचही आहे हे सांगून मी एकच गोष्ट दोनदा सांगते. उलट लांबी ठीक, उंचीही ठीक, पण इतक्या लांबीला इतकी कमी उंची ढिगात कुठेच नाही, असा शिंपला निघाला तर तो खरा वेगळा. सुट्या मापांत त्याचं वेगळेपण दिसतच नाही. साध्या फुटपट्टीवरचा सेंटिमीटर सगळीकडे सारखा असतो. महालनोबिसांची पट्टी आधी गटात शिरून विचारते, तुमच्यात आपापसात किती फरक आहे, आणि कोणती मापं हातात हात घालून चालतात? त्या उत्तरातून ती आपलं एकक ठरवते, आणि मग दोन गटांमधलं अंतर मोजते. ज्या घरात सगळेच एकाच उंचीचे, तिथे दोन इंचांचा फरक मोठा. जिथे भाऊ-भाऊच चार-चार इंचांनी कमीजास्त, तिथे दोन इंचांचं कौतुक कशाला?

गुरांचे डॉक्टर असलेल्या माझ्या मामांना हे गणित ठाऊक नव्हतं, पण त्यांच्या हाताला ते कळत होतं. त्यांच्या जीपमधून मी लहानपणी पुष्कळ हिंडले. महू मागे टाकलं, मानपूरचा घाट उतरून धामणोदकडे निघालं की माळवा संपतो आणि निमाड लागतो. मामा म्हणत, "बोर्ड वाचू नकोस, गाई बघ." वर पठारावर माळवी गुरं, पांढरी-करडी, मानेवर आणि खांद्यावर सावळी झाक, वय वाढेल तशी आणखी पांढरी होत जाणारी. शिंगं बाहेर वळून वर गेलेली. खाली नर्मदेच्या खोऱ्यात निमाडी, तांबूस अंगावर पांढरे शिंतोडे, कपाळ किंचित फुगीर. गीर आणि आपल्या खिल्लारच्या संकरातून निमाडी आली असं जाणकार मानतात. त्यामुळे एखादा निमाडी बैल मान वर करून बघायला लागला की मामांना थेट सोलापूर-सांगलीकडची आठवण येई.

मामांच्या पिशवीत शिंप्याची असते तशीच टेप असे. गाईच्या पुढच्या पायांच्या मागून ती छातीभोवती गुंडाळायची, फार आवळायची नाही, फार सैलही नाही, आणि गाईने श्वास सोडला की आकडा वाचायचा. मग खांद्याच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या हाडापर्यंत लांबी. इंचांतल्या घेराचा वर्ग करून त्याला लांबीने गुणायचं, तीनशेने भागायचं, की वजन मिळतं पौंडांत. शेतकरी तोंडात बोट घालायचे, कारण काट्यावर न चढवता डॉक्टरांनी गाय तोलली. मी मात्र त्या हिशेबात अडकायचे. घेर आणि लांबी सारखी असली तर माळवी आणि निमाडी गाय टेपच्या लेखी एकच! शिंगांचा बाक, कपाळाचा फुगवटा, गळ्याखालच्या पोळीचा झोळ, वशिंडाचा कल, म्हणजे जे बघून बाजारातला म्हातारा दहा पावलांवरून 'ही खालची आहे' असं सांगतो, ते टेपमध्ये मावतच नव्हतं. आकारमान मोजलं जात होतं. आकार निसटत होता.

आकार पकडायचा कसा, यावर डार्सी थॉम्पसन या स्कॉटिश प्राध्यापकाने 1917 च्या आपल्या ग्रंथात एक सुंदर युक्ती सांगितली. एका माशाचं चित्र चौकटीच्या कागदावर काढायचं आणि मग कागद रबराचा आहे असं समजून त्या चौकटी ताणायच्या, वाकवायच्या. साळू मासा बघता बघता सूर्यमासा होतो. दोन प्राण्यांमधला फरक म्हणजे कागदाला पडलेला पीळ. ही कल्पना बरीच वर्षं चित्रातच राहिली. मग फ्रेड बुकस्टाइन आणि त्यांच्या पिढीतल्या इतरांनी तिला गणित दिलं. आता कवटीवर खुणेचे बिंदू ठरवतात, दोन हाडांच्या शिवणी मिळतात ती जागा, डोळ्याच्या खाचेचा कोपरा, पुढच्या दाताचं मूळ. प्रत्येक कवटीवर तेच बिंदू. मग सगळ्या कवट्या एकाच आकारमानाच्या करायच्या, सरकवून एकमेकींवर ठेवायच्या, फिरवून शक्य तितक्या जुळवायच्या. एवढं करूनही जे जुळत नाही, तो आकारातला फरक. या पद्धतीला ग्रीक कथेतल्या प्रोक्रस्टीस या दरोडेखोराचं नाव दिलं आहे. तो पाहुण्यांना आपल्या पलंगाच्या मापाचं करायचा, आखूड असेल त्याला ताणून, लांब असेल त्याचे पाय तोडून. शास्त्रज्ञ त्यापेक्षा दयाळू आहेत. ते कुणाचे पाय तोडत नाहीत, पलंगाबाहेर आलेले पाय नीट मोजून ठेवतात.

मास्टरजींना हे सांगितलं असतं तर ते म्हणाले असते, यात नवीन काय? लहान मुलीचं झबलं दुप्पट केलं की तिच्या आईचा ब्लाऊज होत नाही. मूल वाढतं तेव्हा डोकं कमी वाढतं, पाय जास्त.

आकार मोजता येऊ लागला तेव्हा आमच्या वर्गातल्या सोप्या समजुतींची पंचाईत झाली. 2010 साली अ‍ॅबी ड्रेक आणि क्रिस्टियन क्लिंगेनबर्ग यांनी कुत्र्यांच्या कवट्या अशा बिंदूंनी मोजल्या. कुत्रा ही एकच जात. पण तिच्या कवट्यांमधली विविधता मांसाहारी सस्तनांच्या सबंध गणात मिळून जितकी आहे त्या तोडीची निघाली. छप्पन दुकानच्या कोपऱ्यावर झोपलेला पिवळा गावठी कुत्रा आणि शेजारच्या सोसायटीतला चपट्या नाकाचा पग, यांच्या कवट्या कुणी जमिनीतून उकरून काढल्या तर त्याने दोन वेगळी कुळं मांडली असती. उलटंही घडलं आहे. युरोपात घराघरांच्या छपरात राहणारं पिपिस्ट्रेल हे चिमुकलं वटवाघूळ एकच जात म्हणून दोनशे वर्षं ओळखलं जात होतं. हाताला, डोळ्याला, मापाला एकच. मग कुणी तरी त्याची माणसाला ऐकू न येणारी हाक मोजली, तर काही पंचेचाळीस किलोहर्ट्झच्या आसपास ओरडत होती, काही पंचावन्नच्या. निघाल्या दोन जाती. म्हणजे आकार खूप वेगळा असूनही घर एक असू शकतं, आणि आकार हुबेहूब असूनही घरं दोन. आकार मोजावा जरूर, पण त्याच्याकडून रेशनकार्ड मागू नये.

हे भान सुटलं की मोजपट्टीचं हत्यार होतं. ते न सुटू देणाऱ्यांचं सगळ्यात जवळचं उदाहरण म्हणजे मानवशास्त्रज्ञ इरावती कर्वे. 1920 च्या दशकाच्या अखेरीला त्या बर्लिनला ऑयगेन फिशर यांच्याकडे संशोधन करायला गेल्या. विषय होता माणसाच्या कवटीच्या डाव्या-उजव्या बाजूंमधला फरक. युरोपीय माणसाच्या कवटीत हा फरक जास्त भरेल आणि त्यातून त्याची बुद्धीही श्रेष्ठ ठरेल, अशी गुरूंची अपेक्षा. इरावतीबाईंनी 149 कवट्या मोजल्या आणि लिहिलं की वंशाचा आणि या फरकाचा संबंध दिसत नाही. परक्या देशात, परक्या भाषेत, परीक्षक तेच गुरू असताना! तेच फिशर पुढे नाझी वंशशास्त्राचे एक आधारस्तंभ झाले. कपाटातल्या त्या कवट्यांसमोर पिवळ्या दिव्याखाली कॅलिपर धरून बसलेली पंचविशीच्या आतली ती मुलगी मला पुष्कळदा दिसते. आकडा जरासा तिरपा धरला असता तर सगळे खूश झाले असते. तिने तो सरळ धरला.

पुढे पुण्याला डेक्कन कॉलेजात त्यांनी महाराष्ट्रातल्या माणसांची मापं घेतली. वि. म. दांडेकरांबरोबरचं त्यांचं पुस्तक 1951 साली आलं. एका जातीच्या नावाखाली येणारे गट एकसारखे नसतात, हे त्यांच्या लेखनात पुन्हापुन्हा येतं. 1972 साली रिचर्ड लेवॉन्टिन यांनी रक्तातल्या प्रथिनांवरून हिशेब मांडला. माणसामाणसांतल्या एकूण फरकापैकी सुमारे 85 टक्के फरक एकाच लोकसमूहाच्या आत सापडतो, असं निघालं. थोडक्यात, घरातलं भांडणच मोठं.

मला हे पटायला आकडे लागले नसते. पुण्याच्या नातेवाइकांकडे गेलं की आमच्या मराठीची टेप काढली जाते. आम्ही 'मी येऊन राहिले' म्हणतो, पोह्यांवर शेव आणि जिरावण घालतो, त्यामुळे आम्ही वेगळी जात. सुरुवातीला मी चिडायचे. मग एकदा शांतपणे आमच्याच घराकडे पाहिलं. आजी बोलायची ते होळकरी थाटाचं, बाबांचं कचेरीतलं, भावाचं अर्धं माळवी, आणि माझ्या मुलीचं तर कुठल्याच टोपलीत न बसणारं. पुणं आणि आमच्यात जेवढं अंतर, त्याहून जास्त आमच्या जेवणाच्या टेबलावर होतं.

हा घरातला फरक पूर्वी मला गोंधळ वाटायचा, मोजणीच्या आड येणारी कटकट. त्याचा उपयोग मला शिकवला तो फिंच पक्ष्यांनी. गालापागोसमधल्या डॅफ्ने मेजर या बेटावर पीटर आणि रोझमेरी ग्रँट हे दांपत्य वर्षानुवर्षं एकेका पक्ष्याची चोच कॅलिपरने मोजत होतं. 1977 साली पाऊस जवळजवळ पडलाच नाही. मऊ, बारीक बिया संपल्या, उरल्या त्या टणक आणि मोठ्या. बहुतेक पक्षी मेले. जे तगले त्यांची चोच सरासरीने जेमतेम अर्ध्या मिलिमीटरने जाड होती, आणि त्यांची पिल्लंही तशीच जाड चोचीची निपजली. माझ्या शिंपल्याच्या वहीत अर्धा मिलिमीटर म्हणजे हात हलल्याची चूक. तिथे तो जगण्या-मरण्यातला फरक होता. त्या थव्यातल्या सगळ्या चोची मापाबरहुकूम एकसारख्या असत्या तर त्या दुष्काळाने बेट रिकामं केलं असतं. चांगल्या दिवसांत कुणाच्या लेखी नसलेला तो बारीकसा कमीजास्तपणा प्रत्येक पिढीने आत जपून ठेवला होता.

आई गेली त्याला आता काही वर्षं झाली. गेल्या दिवाळीआधी तिच्या कपाटातून मी एक महेश्वरी काढली आणि तो बदामी ब्लाऊजही. दुकानात आता मास्टरजींचा मुलगा बसतो. ब्लाऊज पाटावर पसरून त्याने टेप लावली आणि म्हणाला, "आंटी, ये नाप आपका नहीं है." मी म्हटलं, ठाऊक आहे, आईचं आहे, याच्यावरून माझं काढता येतंय का बघ. त्याने ब्लाऊज उलटा केला, बाजूची शिवण पाहिली आणि मला जवळ बोलावलं.

आत कापडाचा रंग अजून ताजा होता. त्या ताज्या पट्टीवर सुईच्या बारीक भोकांच्या तीन ओळी होत्या, एकीच्या बाहेर दुसरी, तिच्या बाहेर तिसरी, माझ्या शिंपल्यांवरच्या वाढीच्या रेषांसारख्या. पहिली बहुधा माझ्या जन्मानंतरची. दुसरी भावाच्या. तिसरी तिच्या आजारपणातल्या त्या औषधांची, ज्यांनी तिचं अंग सुजायचं. जो ब्लाऊज मी जन्मभर न बदलणारं माप समजत आले, तो तीनदा उसवून पुन्हा शिवलेला होता. मला कधी कळू न देता.

तिसऱ्या ओळीच्याही बाहेर बोटभर कापड शिल्लक होतं. मुलाने त्यावरून अंगठा फिरवला. "पापा बोलते थे, मराठी बहनजी के ब्लाउज में माया छोड़ना मत भूलना," तो म्हणाला, आणि खडू उचलून त्याने माझ्यासाठी चौथी रेघ आखायला घेतली.